सरकारी घोडा परत केलेला शिलेदार

एका वाचक मुलीचा प्रश्न आला आहे. "माझे वडील बँकेतून निवृत्त झालेत. भांडण दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडे जाणारा माणूस. आता रात्री जेवणं झाली की ते एकच प्रकार बघतात, दुपारी वाचतातही तेच. कोणीतरी माजी एफबीआय नाहीतर माजी सीआयए एजंट, एकटा, कुठल्याशा गावात येतो, दहा-बारा जणांना लोळवतो आणि निघून जातो. तुम्ही असल्या पुस्तकांचे अनुवाद करता म्हणून विचारते. ह्यात एवढं आहे काय? आणि सगळ्या गोष्टी सारख्याच नसतात का?"

शेवटचं आधी सांगते. हो, सारख्याच असतात, आणि तुमच्या वडिलांना ते पक्कं ठाऊक आहे. कीर्तनाला बसलेल्या माणसाला सुदाम्याचं शेवटी काय होणार हे माहीत नसतं का? तो आलेला असतो बुवा आख्यान कसं लावतात ते ऐकायला. इथेही हिरो जिंकणार हे पहिल्या पानावर ठरलेलं असतं. कसा जिंकतो तेवढंच बघायचं.

मुख्य प्रश्नाला मात्र जरा वेळ लागेल. बावीस वर्षं मी इंग्रजी थ्रिलर मराठीत आणते आहे आणि ह्या हिरोची गोम मला वाचताना कधी कळली नाही, अनुवाद करताना कळली. शब्द अडतो तिथे गोष्टीचा सांधा सापडतो.

पहिल्याच पुस्तकाच्या मलपृष्ठावर 'लोन वुल्फ' होतं. मी इमानेइतबारे 'एकटा लांडगा' लिहून पाठवलं. संपादकांचा फोन आला, "बाई, आपल्याकडे लांडगा 'आला रे आला' म्हणून येतो आणि मेंढरं उचलून नेतो. हा हिरो आहे ना?" बरोबर होतं त्यांचं. शिवाय खऱ्या रानातला एकटा लांडगा बहुधा कळप सोडून जोडीदार आणि नवा मुलूख शोधायला निघालेला तरुण प्राणी असतो, त्याला एकटेपणाची हौस नसते. आणि अमेरिकी कायद्याच्या भाषेत 'लोन वुल्फ' म्हणजे कुठल्याही संघटनेशी न जोडलेला दहशतवादी. २००४ साली त्यांच्या पाळतीच्या कायद्यात तशी तरतूदच आली, ती २०२०पर्यंत होती. म्हणजे एफबीआयची माणसं ज्याच्या मागावर असतात त्यालाच हे नाव! बरीच घासाघीस झाल्यावर आम्ही 'एकांडा शिलेदार' ठेवलं, आणि त्या शब्दाने मला पुढची वीस वर्षं पुरेल एवढं शिकवलं.

मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराचा घोडा सरकारी, हत्यार सरकारी. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. आता आपला माजी एजंट बघा. तो मुळातला बारगीर. सरकारने त्याला निवडलं, शिकवलं, घोडा दिला. मग एक दिवस घोडा काढून घेतला, नाहीतर त्यानेच चिडून लगाम टेबलावर ठेवला. बिल्ला गेला, पिस्तूल गेलं, ओळखपत्र गेलं. पण मांड, म्हणजे घोड्यावरची पक्की बैठक, ती कशी परत देणार? घोडा गेला तरी मांड राहते. ह्या सगळ्या गोष्टी मागे राहिलेल्या त्या 'मांड'च्या आहेत.

(पिस्तुलाच्या खटक्यालाही आपण घोडाच म्हणतो, त्यामुळे ही उपमा मारामारीच्या पानावर वापरायची सोय नाही. एकदा वापरली होती. प्रूफ तपासणाऱ्या बाईंनी समासात तीन प्रश्नचिन्हं काढली.)

'माजी' हा शब्द त्यामुळेच ह्या प्रकारात सगळ्यात महत्त्वाचा. चालू नोकरीतल्या एजंटाला वरिष्ठ असतात, वॉरंट लागतं, भत्त्याची बिलं असतात. खासगी गुप्तहेर फी घेतो. सुपरहिरोला ताकद जन्माने नाहीतर अपघाताने मिळालेली असते, तिचं श्रेय काय? माजी एजंटाकडे मात्र कमावलेलं कसब आहे, सरकारच्या पैशाने आणि सरकारच्या शिस्तीत कमावलेलं, आणि ते वापरायला आता कोणाची सही लागत नाही. ज्या माणसाचं उभं आयुष्य सह्या घेण्यात आणि देण्यात गेलं, त्याला ह्यात काय दिसत असेल हे मी सांगायला नको.

दुसरा अडलेला शब्द 'फेडरल'. कोशाप्रमाणे 'केंद्रीय'. पण 'केंद्रीय यंत्रणा' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पहाटेच्या धाडी आणि खोक्यांतून नेलेली कागदपत्रं येतात. अमेरिकी गोष्टीत त्या शब्दाचं काम वेगळं असतं. त्या देशात केंद्र, राज्य, काउंटी (साधारण आपला जिल्हा) आणि शहर मिळून सुमारे १८,००० वेगवेगळी पोलीस दलं आहेत. काउंट्या तीन हजारांवर, आणि बहुतेक राज्यांत काउंटीचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, लोकांनी निवडून दिलेला असतो. आपल्या जिल्ह्याच्या एसपीसारखी त्याची बदली होत नाही. शेरीफ, न्यायाधीश आणि गावातला मोठा कारखानदार एका पंगतीत बसले, तर त्या गावच्या माणसाने दाद मागायची कुठे? कथाकाराला हा आयता बंद वाडा मिळतो. गाव नकाशावर अमेरिकेत आणि प्रत्यक्षात एका घराण्याच्या मुठीत.

अशा वाड्याची कडी बाहेरून वाजवू शकतो तो फेडरल माणूस, कारण तो त्या गावाचं मीठ खात नाही. पण फेडरल माणूस आला की फौज येते, वकील येतात, अधिकारक्षेत्राचा वाद सुरू होतो, आणि गोष्ट कोर्टात जाऊन बसते. मग लेखक युक्ती करतो. फेडरल ठेवतो, फौज काढून टाकतो. बाहेरचा माणूस हवा आणि एकटाही हवा, हे दोन्ही एकाच शब्दात बसवायचं तर 'माजी फेडरल एजंट' ह्याहून सोयीचं पात्र नाही. ही युक्ती जुनीच आहे. वेस्टर्न कथांतला घोड्यावरून आलेला अनोळखी माणूस हेच करायचा. फक्त आता तो बसने येतो.

मात्र अमेरिकेतला हा हिरो सुरुवातीपासून माजी नव्हता, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १९३०च्या दशकात पडद्यावरचा सरकारी माणूस, 'जी-मॅन', चांगला बूट-सूट घालून कचेरीतूनच निघायचा आणि कचेरीतच परतायचा. एफबीआयची सुरुवात १९०८ची, आजचं नाव १९३५चं, आणि १९२४ ते १९७२ अशी ४८ वर्षं तिच्या खुर्चीत एकच माणूस, जे. एडगर हूवर. संस्थेच्या प्रतिमेला तो तळहातावरच्या फोडासारखा जपायचा. १९६५ ते १९७४ एबीसी वाहिनीवर एफबीआयवर जी मालिका चालली, तिच्या पटकथांवरही एफबीआयची नजर असे. तेव्हा हिरो आणि कचेरी वेगळे काढायची कोणाची छाती नव्हती.

मग १९७१च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या छोट्या गावी काही नागरिकांनी एफबीआयच्या कचेरीचं कुलूप फोडलं आणि फायली वृत्तपत्रांना पाठवल्या. आपल्याच नागरिकांवर पाळत, आंदोलनांत फूट पाडायचे उद्योग, सगळं बाहेर आलं. पाठोपाठ विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घुसखोरीचं वॉटरगेट प्रकरण. १९७४ला राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांना राजीनामा द्यावा लागला. १९७५ला सिनेटर फ्रँक चर्च ह्यांच्या समितीने सीआयए आणि एफबीआय दोन्हींची धुणी चव्हाट्यावर धुतली. व्हिएतनामचं युद्धही त्याच वर्षी संपलं. वाचकाला ह्या संस्थांचं कसब हवंहवंसं वाटत होतं, पण संस्था नकोशी झाली होती. हिरोने राजीनामा कुठल्या तारखेला दिला ते सांगता येत नाही, दशक मात्र हेच. त्यानंतरच्या गोष्टींत खलनायक बघा: अर्ध्या वेळा तो हिरोचा जुना साहेबच निघतो.

खऱ्या माजी एजंटांचं काय होतं, तेही सांगते, कारण इथे कादंबरी सगळ्यात जोरात खोटं बोलते. एफबीआयच्या एजंटाला साधारण ५७व्या वर्षी निवृत्त व्हावंच लागतं. नोकरीत त्याचा बराच वेळ जबाब घेण्यात आणि तो ठरावीक नमुन्यात उतरवण्यात जातो. त्या नमुन्याला एफडी-३०२ म्हणतात, आणि एकाही थ्रिलरमध्ये हिरो तो भरताना मला दिसलेला नाही. निवृत्तीनंतर बरेच जण कंपन्यांच्या सुरक्षा विभागात किंवा आर्थिक घोटाळ्यांच्या तपासात जातात. सीआयएचं तर आणखी गमतीचं. १९४७च्या ज्या कायद्याने ती संस्था जन्मली, त्यातच लिहिलं आहे की तिला पोलिसी अधिकार नाहीत. म्हणजे 'माजी सीआयए' हिरो अमेरिकेत कोणाला धरतो तेव्हा त्याने गमावलेलं असं काही नसतं. तो अधिकार त्याला नोकरीतही नव्हता! आणि खरा माजी सीआयए माणूस कधी पुरता माजी होतही नाही. गुप्ततेचा करार जन्मभराचा. त्याने आपल्या कामाबद्दल पुस्तक लिहिलं, अगदी कादंबरी लिहिली, तरी हस्तलिखित आधी संस्थेच्या मंडळाकडे तपासायला द्यावं लागतं. निवृत्त पोलिसांना आणि एजंटांना देशभर लपवलेलं पिस्तूल बाळगायची मुभा २००४च्या कायद्याने मिळाली आहे, पण त्यासाठी ओळखपत्र लागतं आणि दर वर्षी नेमबाजीची चाचणी पास व्हावी लागते. कादंबरीतल्या माणसाच्या खिशात ह्यातला एकही कागद नसतो. असता तर पुस्तक कोणी विकत घेतलं नसतं.

आता जॅक रीचर ह्या कादंबऱ्यांतल्या हिरोबद्दल बोललं पाहिजे, कारण तुमचे वडील बहुतेक तिथूनच सुरू झाले असणार. चाहते लगेच दुरुस्त करतील की रीचर फेडरल एजंट नाही, अमेरिकी लष्कराच्या पोलिसांतला माजी मेजर आहे. मान्य. पण घोडा सरकारीच होता ना. त्याची जन्मकथा मला पुस्तकांपेक्षाही आवडते. जिम ग्रँट नावाचा इंग्रज माणूस मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षं काम करत होता. १९९५ साली, चाळिशीत, पुनर्रचनेच्या नावाखाली नोकरी गेली. त्याने कागद-पेन्सिल आणून लिहायला घेतलं, ली चाइल्ड हे टोपणनाव घेतलं, आणि १९९७ला पहिली कादंबरी आली. त्यातला हिरोसुद्धा कपातीत घरी गेलेला. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेचं सैन्यबळ खरंच २० लाखांवरून दशकाअखेर सुमारे १४ लाखांवर आलं होतं, त्यामुळे हे पात्र हवेतून आलेलं वाटलं नाही. आडनावाची गंमत तर घरगुती आहे. लेखक उंच. सुपरमार्केटात एका आजींनी वरच्या फळीवरचं काहीतरी काढून मागितलं, तेव्हा बायको म्हणाली, लिहिणं नाही जमलं तर दुकानात वस्तू काढून द्यायचं काम तरी मिळेल. 'रीच' करणारा तो रीचर. नोकरी गेलेल्या माणसाने नोकरी गेलेला माणूस रचला, पण एक फरक करून: ह्याला ती परत नको आहे.

तो फरक माझ्या मते सगळ्यात परका आहे, म्हणून तो आपल्याकडच्या गोष्टींशी ताडून बघा. हिंदी-मराठी सिनेमात ह्या जागी सस्पेंड झालेला इन्स्पेक्टर असतो. टोपी टेबलावर काढून ठेवण्याचा प्रसंग आपल्याकडेही आहे. पण आपला माणूस उरलेला सिनेमा ती टोपी परत मिळवायला झगडतो. शेवटच्या रिळात वर्दी चढली, आईने ओवाळलं, की आपण सुखाने घरी. अमेरिकी हिरोला कोणी नोकरी परत देऊ केली तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी गाव सोडतो. मराठी वाचकाला तिथे थोडं चुकल्यासारखं होतं. मला पत्रं येतात. "शेवटी त्या शिक्षिकेशी लग्न का करत नाही?" असं विचारणारी अनेक, आणि "हा कपडे कुठे धुतो?" असं विचारणारं एक, साताऱ्याहून. (धूत नाही. मळले की टाकून देतो, नवे घेतो. घडी होणारा टूथब्रश तेवढा खिशात. साताऱ्याच्या बाईंना हे अजिबात पटलं नाही.)

कारागिरीबद्दल थोडं, कारण 'नुसती मारामारी' म्हणणाऱ्यांनी ती कधी लिहून बघितलेली नसते. ली चाइल्डचं म्हणणं असं की संथ गोष्टी भरभर लिहाव्यात आणि झटपट घडणाऱ्या गोष्टी सावकाश. म्हणून आठशे किलोमीटरचा प्रवास दोन ओळींत उरकतो आणि तीन सेकंदांची झटापट चार पानं चालते. कोण कुठे उभा आहे, कोणाचं वजन कुठल्या पायावर आहे, दार किती पावलांवर. ह्या चार पानांत वाचक मारामारी बघत नसतो, एका तयार माणसाची विचार करायची रीत बघत असतो. चांगल्या सुताराने रंधा मारायच्या आधी फळीवरून बोट फिरवावं तसं. अनुवादात मला वाटलं होतं की आपलं क्रियापद शेवटी येतं त्यामुळे वेग मरेल. झालं उलटं. "डावीकडच्याने बाटली उचलली तोवर ह्याचं कोपर त्याच्या जबड्यावर बसलं होतं." फटका वाक्याच्या टोकाला बसतो, जिथे तो बसायला हवा. मराठी ह्या कामाला चांगली आहे.

२००८च्या 'टेकन' ह्या सिनेमातही गाजली ती मारामारी नाही, एक फोन गाजला. मुलीला पळवणाऱ्याशी माजी सीआयए बाप फोनवर बोलतो, ओरडत नाही, रडत नाही, बायोडेटा वाचून दाखवावा तसं आपल्याला काय काय येतं ते सांगतो. लिअम नीसन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. त्यानंतर पिकल्या केसांच्या हिरोंची रांगच लागली, कारण निर्मात्यांना कळलं की तिकीट काढणाऱ्यांचेही केस पिकले आहेत. आणि तो सिनेमा फ्रेंच निर्मात्यांचा. रीचर इंग्रजाचा, हा फ्रेंचांचा. सगळ्यात अमेरिकी वाटणारा हा माणूस अमेरिकेबाहेरच्यांना बरोबर सापडतो, ह्याचं मला नवल वाटत नाही. दुरून बंद वाडा नीट दिसतो.

तक्रारीही आहेत माझ्या. ह्या गोष्टींत गुडघ्यावर पाय दिला की गुन्हेगार दोन मिनिटांत खरा पत्ता सांगतो. सीआयएच्या छळ-चौकशीवर सिनेटच्या समितीने डिसेंबर २०१४मध्ये अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला, त्यात नेमकं उलट आहे: त्या मार्गाने उपयोगी माहिती मिळवता आली नाही, माणसं सुटकेसाठी काहीही सांगत होती. अशी पानं अनुवाद करताना माझा हात जड होतो. बायका अजून फार वेळा नुसत्या पळवल्या जाण्यासाठी असतात. आणि हिरो निघून गेल्यावर त्या गावाचं काय? शेरीफ मेलेला, कारखाना जळालेला, निम्मं गाव बेकार. पंचनामा कोण करतो? साक्षीदार म्हणून कोण उभं राहतं? वाचकाने हे विचारू नये म्हणूनच शेवटचं प्रकरण दीड पानाचं असतं.

तुमच्या वडिलांकडे परत येते. मी त्यांना ओळखत नाही, पण माझे बरेच वाचक बँकेतले आहेत. २०००-०१च्या सुमाराला सरकारी बँकांत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली, त्यानंतर वाचनालयांत दुपारच्या वेळी थ्रिलर नेणारे वाढले, हे मला दोन ग्रंथपालांनी वेगवेगळं सांगितलं आहे. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं आणि संध्याकाळी पासवर्ड बंद होतो. पण खोटी सही ओळखायची नजर कुठे बंद होते? नोटांचं बंडल अंगठ्याने फिरवताना एक कमी आहे हे कळणं कुठे जातं? तीस वर्षांची मांड ती. काउंटरपलीकडे उभं राहून आतला पोरगा चुकतोय हे बघायचं, आणि गप्प बसायचं, कारण आता आपण 'माजी'. रात्री पडद्यावर एक असा माणूस येतो जो गप्प बसत नाही. एकदा त्यांच्याशेजारी बसून बघा, आणि मारामारीकडे नको, हिरो खोलीत शिरताना काय काय हेरतो तिथे त्यांचा चेहरा बघा.

मागे एका वाचनालयाच्या कार्यक्रमात मी हेच सगळं जरा ऐटीत सांगितलं. एकांडा शिलेदार, कागदांपासून मुक्त माणूस वगैरे. शेवटी पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ उठले. म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो बाई. पण पेन्शन असेल ना त्याला? मग नोव्हेंबरात हा हयातीचा दाखला कुठल्या शाखेत देतो?"